रिचार्ज न करता वाढलेली शिल्लक

आत्याच्या उशाशी एक दोनशेपानी वही असते. आयुष्यभर तिनं शिवणकाम केलं, त्यामुळे वहीची सवय जुनी. पूर्वी वहीत गिऱ्हाइकांची मापं असायची, आता मोबाइलची शिल्लक असते. डावीकडे तारीख आणि वेळ, मधे काय केलं ते दोन शब्दांत, आणि उजव्या कडेला आकडा. 'धाकट्याला फोन, एक मिनिट.' 'मेसेज एक.' 'मिस कॉल दिला.' आणि अधूनमधून, त्याच ठसठशीत अक्षरात, 'काहीच केलं नाही, तरी कमी.' ही शेवटची नोंद त्या वहीत अकरा वेळा आहे. मी मोजली आहे.

घरात मात्र सगळ्यांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं की आत्या विसरायला लागली. फोन लावते आणि लावल्याचं तिच्या लक्षात राहत नाही. तिच्या वयाकडे बघता ते पटण्यासारखंही होतं. ती म्हणायची, "अगं, माझे पैसे कापतायत," आणि कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणायचं, "बरं, बघू हं." मीही तसं म्हणाले आहे. एकदा तर तिच्या तोंडावर म्हणाले, "आत्या, तूच कुणाला तरी लावला असशील आणि विसरली असशील." ती काही बोलली नाही. वही मिटली आणि उशाखाली सरकवली.

आमच्याकडे पुरावाही होता. वहीतल्या एका पानावर रात्री साडेनऊची शिल्लक लिहिलेली होती, आणि खाली दुसऱ्या दिवशी सकाळी सातची. सकाळची जास्त होती. मधे रिचार्ज केलेला नव्हता. शिल्लक कधी आपोआप वाढते का? माझ्या भावानं ते पान सगळ्यांना दाखवलं आणि आत्याला म्हणाला, "हे चुकलंय, फाडून टाक." तिनं फाडलं नाही. "मी बघितलं तेच लिहिलंय," एवढंच म्हणाली.

मी हिशेब तपासण्याचं काम करते. आकडा जुळत नसला तर लिहिणाऱ्यावर शंका घेण्याआधी आकड्याच्या मागे जायचं, हे नोकरीच्या पहिल्या वर्षात मला शिकवलं गेलं. परक्यांच्या वह्यांना मी तो नियम रोज लावत आले. घरच्या वहीला लावला नाही, आणि ते मला अजून बोचतं. पुढे आत्या आजारी पडली, मी पंधरा दिवस तिच्याकडे राहायला गेले, आणि दुपारी तिचा डोळा लागला की ती वही उघडून बसायला लागले.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की शिल्लक फोनमध्ये नसतेच. मला स्वतःला आतून असं वाटत असे की पाकिटात पैसे असावेत तसा बॅलन्स सिमकार्डात कुठेतरी असतो. तो असतो कंपनीच्या यंत्रणेत, दूर कुठल्यातरी संगणकावर, तुमच्या नंबरासमोर लिहिलेला. आपण स्टार आणि हॅशच्या मधे आकडे दाबून विचारतो तेव्हा त्या खात्यावरचा त्या क्षणीचा आकडा आपल्याला वाचून दाखवला जातो. या पद्धतीला यूएसएसडी म्हणतात. एसएमएस वाटेत एका केंद्रात साठवून मग पुढे पोचवला जातो, इथे तसं होत नाही. फोन आणि नेटवर्क यांच्यात तेवढ्यापुरती एक जोडणी उघडते, उत्तर येतं, जोडणी मिटते. त्याला इंटरनेट लागत नाही, म्हणून साध्या बटणांच्या फोनवरही ते चालतं. पण ते उत्तर मागे काही ठेवून जात नाही. 'ओके' दाबलं की गेलं. काल किती होते हे फोन सांगू शकत नाही, परवा किती होते हेही नाही. आत्या ते लिहून ठेवत होती. आमच्या घरात त्या खात्याची आपल्या बाजूची नोंद फक्त तिच्याकडे होती.

दुसरी गोष्ट, शिल्लक एक नसते. 'तुझा बॅलन्स किती' या प्रश्नाला एकच उत्तर असेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात एका नंबरावर चार-पाच कप्पे असतात. मेन बॅलन्स एक, पॅकमधली मिनिटं दुसरा, मेसेज तिसरा, डेटा चौथा, कधी बक्षीस म्हणून दिलेला पाचवा. प्रत्येकाची मुदत वेगळी, आणि कुठून काय कापायचं याचा क्रम कंपनीनं ठरवलेला. बहुधा पॅकमधलं आधी, आणि ज्याची मुदत लवकर संपते ते त्याच्याही आधी. पॅक ज्याला लागू नाही ते सगळं मेन बॅलन्समधून जातं. परदेशातले नंबर, जादा दराचे खास नंबर, आणि पॅक संपल्यानंतरचं सर्व काही. पॅकमध्ये भरपूर मिनिटं पडून असताना मेन बॅलन्स शून्यावर येऊ शकतो, तो यामुळे. आत्या मेन बॅलन्सचा आकडा लिहीत होती. गळती तिथेच होती, म्हणजे ती योग्य जागी बघत होती.

आता फोन. आत्याची ख्याती अशी की ती एक मिनिटाच्या आत फोन ठेवते. तिच्या पलंगासमोर घड्याळ आहे, सेकंदकाट्यावर नजर ठेवून ती बोलते, आणि पंचावन्नच्या पुढे काटा गेला की "चल, ठेवते" म्हणते. आम्हाला वाटायचं, तिला आमच्याशी बोलायचं नसतं. तिच्या प्लॅनमध्ये मिनिटाची पल्स होती. पल्स म्हणजे मोजण्याचं एकक. सेकंदाची पल्स असेल तर जेवढे सेकंद तेवढे पैसे. मिनिटाची असेल तर ६० सेकंदांनाही एक मिनिट आणि ६१ सेकंदांना दोन. ६१ सेकंदांचे दहा फोन केले तर बोलणं झालं १० मिनिटं १० सेकंद, आणि पैसे गेले २० मिनिटांचे. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. आकडे लिहून लिहून तिच्या ध्यानात आलं होतं.

तरी वहीत 'एक मिनिट' लिहिलेल्या काही फोनांना दुप्पट पैसे गेले होते. तिच्याजवळ बसून मी बघितलं, तेव्हा कारण कळलं. तिचं मोजणं सुरू व्हायचं समोरच्याच्या आवाजापासून. माझा धाकटा चुलतभाऊ फोन उचलून आधी शांत खोलीत जातो आणि मग बोलतो. नेटवर्कचं मोजणं सुरू होतं ते उचलल्याचा इशारा पोचला की त्याच क्षणी. रिंग वाजत असते तो वेळ धरत नाहीत, पण उचलल्यानंतरची शांतता धरतात. आणि उचलणारा माणूसच असावा लागतो असंही नाही. समोरच्याचा फोन बंद आहे, व्हॉइसमेल लावलेला आहे, यंत्रानं आवाज दिला, तर नेटवर्कच्या लेखी फोन उचलला गेला. 'लागला नाही, तरी कमी' अशा ज्या नोंदी होत्या, त्या बहुतेक एकाच नंबरापुढे होत्या. मी तो नंबर लावून पाहिला. दोन रिंगा झाल्या आणि एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज निरोप ठेवायला सांगू लागला.

मेसेजांपाशी मी सगळ्यात जास्त थांबले, कारण तिथे जे दिसलं त्याचा आपल्या भाषेशी संबंध आहे.

आत्याची एक मैत्रीण आहे, तिला ऐकू येत नाही. त्यामुळे फोनवर बोलणं नाही. दोघींचं सगळं मेसेजवर, आणि अर्थातच मराठीत. वहीत 'मेसेज एक' असं लिहिलेलं, आणि कापलेले पैसे कधी एकाचे, कधी दोनाचे, एकदा तर चाराचे. यावरूनही आम्ही म्हणत होतो की ती मोजायला चुकते.

एसएमएसची मर्यादा १६० अक्षरांची, हे आपण ऐकलेलं असतं. ती ठरवण्यामागे फ्रीडहेल्म हिलेब्रांड हा जर्मन अभियंता होता. १९८५ मध्ये त्यानं टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं टाइप केली, अक्षरं मोजली, आणि साधारण कुठलंही म्हणणं १६० अक्षरांत बसतं असं त्याला दिसलं. पहिला एसएमएस गेला ३ डिसेंबर १९९२ ला, नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्यानं संगणकावरून पाठवलेला, 'मेरी ख्रिसमस' एवढाच. १६० चा हिशेब रोमन लिपीच्या मानानं बसवलेला आहे. तिथे एका अक्षराला ७ बिट (बिट म्हणजे यंत्राच्या साठवणीतलं सगळ्यात छोटं घर, शून्य किंवा एक) पुरतात, म्हणून १६० गुणिले ७, एकूण १,१२० बिट. एका मेसेजमध्ये जागा एवढीच. देवनागरी त्या ७ बिटांच्या तक्त्यात नाही. मराठी लिहिलं की एकेका चिन्हाला सहसा १६ बिट लागतात, आणि १,१२० ला १६ नं भागलं की उरतात ७०. म्हणजे त्याच पैशांत इंग्रजी लिहिणाऱ्याला १६० जागा आणि आत्याला ७०.

एवढ्यावर संपत नाही. ती ७० 'अक्षरं' म्हणजे आपण ज्यांना अक्षरं म्हणतो ती नव्हेत. आत्यानं लिहिलेला एक मेसेज घेते: 'घरी सुखरूप पोचले. काळजी करू नकोस.' आपण बाराखडीवर वाढलेली माणसं, बोटांवर मोजली तर ही १७ अक्षरं होतात. यंत्र मात्र 'री' मधला 'र' वेगळा मोजतं आणि वेलांटी वेगळी. काना वेगळा, मात्रा वेगळी, उकार वेगळा. मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून हा मेसेज ३३ घरं खातो. जोडाक्षर आलं तर हलन्ताचंही एक घर. 'स्वास्थ्य' हा शब्द कानाला दोन अक्षरांचा, मोजणीत नऊ घरांचा. मैत्रीण आजारी होती त्या आठवड्यात आत्यानं तिला स्वास्थ्य, प्रकृती, विश्रांती असे शब्द घालून लांब मेसेज लिहिला होता, कारण तिच्या मते आजारी माणसाशी नीट शब्दांत बोलावं. तो मी मोजला. २१० घरं. मेसेज ७० च्या पुढे गेला की त्याचे तुकडे पडतात, आणि तुकडे पलीकडे जोडता यावेत म्हणून प्रत्येकात थोडी जागा खुणेसाठी राखावी लागते, त्यामुळे तुकड्यात ७० च्या ऐवजी ६७ च मावतात. ६७, ६७, ६७ आणि उरलेली ९. चार तुकडे, चार मेसेजचे पैसे. मैत्रिणीच्या फोनवर तो जोडून एकच दिसला, आत्याच्या फोनवरही एकच. वहीत तिनं 'मेसेज एक' लिहिलं, ते अगदी खरं होतं.

मी तिला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे वेलांटीचे पण पैसे." हो, वेलांटीचे पण. इंटरनेटवरून मेसेज पाठवणाऱ्याला हा जाच नाही. पण आत्याची मैत्रीण साधा फोन वापरते, आणि जगात अजून कितीतरी माणसं वापरतात. लिपी कुठलीही असो, आजाऱ्याची चौकशी सारख्याच दरात व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. इंग्रजी मेसेजमध्ये आपल्या लिपीतलं एकच अक्षर किंवा एखादं हसऱ्या चेहऱ्याचं चित्र घातलं, तरी तो अख्खा मेसेज ७० च्या मापात जातो, हेही जाता जाता सांगून ठेवते.

तर फोन आणि मेसेज सुटले. राहिल्या त्या अकरा नोंदी, 'काहीच केलं नाही, तरी कमी'.

त्यांच्या तारखा मी एका कागदावर उतरवल्या आणि शेजारी किती कमी झाले ते लिहिलं. अकरापैकी सहा नोंदींतली रक्कम तंतोतंत सारखी होती, आणि त्यांच्यातलं अंतर सात दिवसांचं. एकदा चौदा, त्या मधल्या दिवशी शिल्लक पुरेशी नव्हती. पुढचं सांगायला नको. कुठलीतरी सेवा चालू झाली होती आणि दर आठवड्याला आपले पैसे घेत होती. अशा सेवा चालू होण्याची एक वाट म्हणजे पडद्यावर मधेच उगवणारी चौकट, खाली 'ओके' आणि 'कॅन्सल'. आत्या फोन हातात घेते तेव्हा पडद्यावर जे असेल ते घालवण्यासाठी 'ओके' दाबते. सगळ्यांचेच हात तसे वळलेले असतात.

कस्टमर केअरला मी फोन लावला. त्या पंधरा दिवसांतला माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा धडा तिथला. 'पैसे का कापले' असं विचारलं की गोल उत्तर येतं. तीन गोष्टी विचारल्या की येत नाही. सेवेचं नाव काय, ती कोणत्या तारखेला किती वाजता चालू झाली, आणि ती कोणत्या मार्गानं चालू केल्याची नोंद आहे. मी वहीतल्या सहा तारखा आणि वेळा वाचून दाखवल्या. पलीकडच्या मुलीचा सूर बदलला. सेवा बंद झाली, तक्रारीचा क्रमांक मिळाला, आणि यापुढे अशी कुठलीही सेवा या नंबरावर चालूच होऊ नये अशी नोंदही करून घेतली. ती सोय मागितल्याशिवाय कुणी देत नाही. शेवटच्या दोन आठवड्यांचे पैसे परत आले, आधीचे नाही.

उरलेल्या पाचांपैकी तीन नोंदी पॅकची मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशीच्या होत्या. इथे मुदतीविषयी थोडं बोलायला हवं. २८ दिवसांचा पॅक आपण महिन्याचा म्हणतो, पण वर्षात तो १२ नव्हे, १३ वेळा भरावा लागतो. पॅकचा शेवटचा दिवस मध्यरात्री संपतो की ज्या घटकेला रिचार्ज केला त्या घटकेला, हे कंपनीगणिक आणि प्लॅनगणिक वेगळं असतं. मुदतीआधीच नवा पॅक मारला तर तो रांगेत थांबतो की जुन्याचं उरलेलं बुडवून लगेच सुरू होतो, हेही तसंच. रिचार्ज करण्याआधी हे दोन प्रश्न विचारून घ्यावेत. आत्याचा पॅक मध्यरात्री संपत होता आणि फोनमधला डेटा चालूच राहत होता. ती झोपलेली, फोन जागा. रात्रीतून ॲप स्वतःला अद्ययावत करत होती, फोटो कुठेतरी साठवले जात होते, आणि पॅक नसताना डेटाचा जो मूळ दर असतो त्यानं सगळं मेन बॅलन्समधून जात होतं. हे थांबवणं सोपं निघालं. ॲपचं अद्ययावत होणं फक्त वाय-फायवर ठेवलं, आणि पॅक नसेल तेव्हा डेटा चालूच होऊ नये अशी सोय कंपनीकडे होती, ती लावून घेतली. वाय-फायचा जोर कमी झाला की गुपचूप मोबाइल डेटावर जाण्याची सवय काही फोनांना असते, ती सेटिंगमध्ये शोधून बंद करावी लागते.

डेटाच्या आकड्यांचंही एक आहे. १ जीबी म्हणजे कुणाच्या हिशेबात १,००० एमबी, कुणाच्या हिशेबात १,०२४. पायरी-पायरीनं गुणत बाइटपर्यंत गेलं की हा फरक सात टक्क्यांच्या वर जातो. शिवाय फोनची मोजणी फोनच्या तारखेपासून आणि कंपनीची मोजणी पॅकच्या तारखेपासून. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून लगेच फसवणूक समजू नये. पैसे मात्र कंपनीच्या मोजणीवर जातात. आणि 'अमर्याद' म्हणतात त्यात ठरावीक डेटानंतर वेग ६४ केबीपीएस होणार असेल, तर ते किलोबिट असतात. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून आठानं भागलं की सेकंदाला ८ किलोबाइट. एक एमबीचा फोटो उघडायला दोन मिनिटांहून जास्त.

आणि आता ते पान. रात्री साडेनऊ, सकाळी सात, आणि वाढलेली शिल्लक.

याचा उलगडा मला शेवटी झाला, आणि तोही कामातल्या एका तंत्रज्ञ सहकाऱ्यानं दिशा दाखवल्यामुळे. पोस्टपेडमध्ये तुम्ही वापरत जाता आणि महिनाअखेरीला बेरीज होते. प्रीपेडमध्ये नेटवर्कला घाई असते, कारण शिल्लक शून्याच्या खाली जाऊन चालत नाही, आणि तुम्ही किती वेळ बोलणार किंवा किती डेटा ओढणार हे आधी कुणालाच माहीत नसतं. म्हणून जोडणी सुरू होतानाच शिलकीतून एक तुकडा बाजूला काढून राखून ठेवतात. तो वापरून होत आला की पुढचा तुकडा मागून घेतात. जोडणी मिटली की खरोखर किती वापरलं ते कळवतात, आणि राखलेल्यातलं उरलेलं खात्यावर परत जातं. हा व्यवहार कसा चालावा याचं मानक २००५ मध्ये आरएफसी ४००६ या दस्तऐवजात लिहिलं गेलं, आणि २०१९ मध्ये त्याच्या जागी आरएफसी ८५०६ आला. मी तो जुना दस्तऐवज चाळला. त्यातलं सगळं मला कळलं असं म्हणणार नाही, पण मागा, राखा, वापरा, कळवा, उरलेलं परत करा, हा क्रम तिथे स्वच्छ होता. या मधल्या वेळात शिल्लक विचारली, तर काही यंत्रणा राखलेला तुकडा वजा करून आकडा सांगतात. जोडणी मिटल्यावर विचारली, की आकडा वाढलेला.

आत्याला मी सांगायला लागले आणि मधेच तिनं मला थांबवलं. "अगं, हे कापडासारखंच आहे. सदऱ्याला अडीच मीटर ठेवून घ्यायचं, लागलं दोन, अर्धा मीटर गिऱ्हाइकाला परत. शिवत असताना कुणी विचारलं तर माझ्याकडे त्याचं अडीच मीटर आहे असंच सांगणार ना मी?" मी जे दोन संध्याकाळी वाचून समजून घेतलं होतं, ते तिच्या हाताला चाळीस वर्षं ठाऊक होतं.

आम्ही करून पाहिलं. त्या दिवशी पॅक नव्हता, नव्यानं घातलेली अडसर मी तेवढ्यापुरती काढली. डेटा चालू केला, थोडं काहीबाही उघडलं, आणि चालू असतानाच शिल्लक विचारली. आत्यानं चष्मा लावून आकडा लिहिला. मग डेटा बंद केला, फोनही बंद केला, थोड्या वेळानं चालू करून पुन्हा विचारलं. आकडा जास्त होता. तिनं तोही लिहिला, खाली रेघ मारली, आणि मागची पानं उलटत त्या जुन्या पानावर गेली. भावानं पेन्सिलीनं तिथे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. ते तिनं खोडरबरानं पुसलं. नीट पुसलं, कागद चुरगळू न देता, वर फुंकर घालून.

पोस्टपेडचं बिल घरी येतं किंवा मेलवर येतं. त्यात कुठला फोन, किती सेकंद, किती पैसे, सगळं छापलेलं असतं. त्या गिऱ्हाइकानं अजून पैसे दिलेले नसतात, त्याला देण्याआधी हिशेब दाखवतात. प्रीपेडवाल्यानं पैसे आधीच दिलेले असतात. एका अर्थी त्यानं कंपनीला बिनव्याजी उसने दिलेले असतात. आणि हिशेब कशाचा झाला हे त्याला आपणहून कुणी सांगत नाही. तपशील मिळतो, बऱ्याच कंपन्या ॲपवर किंवा अर्ज केल्यावर देतात, पण तो मागावा लागतो, आणि मागता येतो हे माहीत असावं लागतं.

प्रीपेडनं मोठं काम केलं आहे, ते मी नाकारत नाही. १९९५ मध्ये पोर्तुगालमध्ये 'मिमो' नावाची रिचार्ज करता येणारी सेवा निघाली, ती जगातली पहिली मानतात. तोवर मोबाइल घ्यायला करार लागायचा, पत लागायची, दर महिन्याला बिल भरणारा माणूस अशी ओळख लागायची. प्रीपेडनं ते सगळं काढून टाकलं आणि कमाईचा भरवसा नसलेल्या माणसाच्या हातात फोन आला. त्यानं त्याचा उपयोगही केवढा केला. मिस कॉल देऊन फुकटात निरोप पोचवला. युगांडा, घाना, बोट्सवानात लोक एकमेकांच्या नंबरावर टॉकटाइम पाठवून त्याचा पैशांसारखा व्यवहार करू लागले, आणि २००७ मध्ये केनियात एम-पेसा सुरू झालं तेव्हा फोनवरून पैसे पाठवणं ही लोकांना अनोळखी गोष्ट राहिली नव्हती. तो लहानसा आकडा म्हणजे लोकांचे पैसेच आहेत, हे त्या लोकांनी ओळखलं. ज्यांच्या वतीनं तो आकडा ठेवला जातो त्यांनीही तो तितक्याच आदरानं ठेवावा आणि दाखवावा, असं मला वाटतं. पै-पै मोजणाऱ्या माणसाला पल्स म्हणजे काय, वेलांटी कशी मोजतात, कप्पे किती, हे रिचार्जच्या वेळीच त्याच्या भाषेत, चार ओळींत सांगणं अवघड नाही. ते न सांगितल्यामुळे एका शहाण्या बाईला तिच्याच घरात वर्षभर विसराळू ठरवलं गेलं. त्यात कंपनीचा भाग आहे, आणि आमचाही.

अकरापैकी दोन नोंदींचा पत्ता मला अजून लागलेला नाही. रकमा लहान आहेत, सारख्या नाहीत, तारखांना काही धागा नाही. तपशील मागवायला गेले तेव्हा तेवढा मागचा देत नाही असं उत्तर मिळालं. त्या दोन ओळींपुढे आत्यानं छोटी चौकट काढून ठेवली आहे, रिकामी.

भावानं तिची माफी मागितली. तिनं ती घेतली आणि त्याला सेकंदाची पल्स असलेला प्लॅन शोधायला लावलं. आता ती घड्याळाकडे पाठ करून बसते, आणि फोन चांगला दहा-दहा मिनिटं चालतो. लिहिणं सुटलेलं नाही. गेल्या आठवड्यात रात्री तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मैत्रिणीची तब्येत झाली, आणि मग तिचा आवाज जरा खाली आला.

"अगं, एक आकडा जुळत नाहीये."

मी कागद ओढला. "कोणत्या तारखेचा?"

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.